कस्तुराचं नाक आणि देवाची काहील

एका गावात एक मुलगी राहायची आणि तिला एक नाक होतं. आता नाक कुणाला नसतं? पण हिच्या नाकाची गोष्टच निराळी. गाव सगळं गुऱ्हाळांचं. ऊस गाळायचा, रस मोठ्या काहिलीत ओतायचा, खाली चुलवाण पेटवायचं आणि रस आटवून गूळ करायचा, हाच घरोघरी धंदा. ही पोर, कस्तुरा तिचं नाव, नुसती दारावरून गेली तरी सांगायची, "काकी, पाक पुढं चाललाय हं, उतरवा." काकीनं ऐकलं की गूळ असा व्हायचा, की काय सांगावं! नाही ऐकलं, की काकी कपाळाला हात लावून बसायची.

त्या गावात एक रीत होती. हंगामाची पहिली काहील देवाची, आणि ती उतरवायचा मान पंधरावं लागलेल्या एखाद्या पोराचा नाहीतर पोरीचा. त्या वेळी सगळं गाव जमायचं, पण काहिलीकडे पाठ करून उभं राहायचं. वळून बघायचं नाही आणि चकार शब्द काढायचा नाही. पाक कधी झाला ते पोरानं एकट्यानं ठरवायचं आणि "आला!" म्हणून हाक द्यायची, की मग गडी वळून काहील उतरवणार. गूळ साधला तर ढेप डोंगरावरच्या देवाला जायची, घरोघरी खडा वाटला जायचा आणि ते पोर गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारा जाणकार, व्हायचं. बिघडला तर आणखी एकदाच संधी. तीही गेली, तर त्यानं जन्मात काहील उतरवायची नाही.

यंदाचा मान कस्तुराचा होता. तिला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. तिला शिकवणारे केरबातात्या, गावचे थोरले गुळव्या, उघड म्हणायचे, "माझ्यामागं हीच." त्यामुळं गाव निर्धास्त होतं.

पण त्या वर्षी गावातल्या पोरांना एक नवाच नाद लागला. रात्री खिडकीत कंदील ठेवायचा, त्यापुढं सूप धरायचं आणि काढायचं. उजेड किती वेळा लुकलुकला म्हणजे काय, ते ठरलेलं, त्यामुळं समोरच्या खिडकीत कळायचं. कस्तुराची मैत्रीण गौरा समोरच राहायची. गौरा विचारायची, "जागी आहेस?" कस्तुरा कळवायची, "हो. काय करतेस?" "काही नाही. तू?" "मी पण काही नाही." या 'काही नाही'वर अर्धी रात्र जायची. गावभर खिडक्या अशा लुकलुकायच्या, की काजव्यांनीही लाजावं.

आणि पहाट व्हायच्या आत गावातली मोठी माणसं गल्लीगल्लीतनं थाळी वाजवत फिरायची. "उठा रे आळशांनो! आमच्या वेळी आम्ही कोंबड्याच्या आधी उठायचो!" उठायचे खरे. पण दिवेलागणीलाच जेवून घोरायला लागायचे, हे मात्र कुणी सांगायचं नाही.

हळूहळू कस्तुराचं तंत्र बिघडलं. म्हशीची पेंड तिनं कुत्र्यापुढं ठेवली आणि कुत्र्याची भाकरी म्हशीपुढं. दोघंही तिच्याकडे बघत राहिली. आईनं "अगं" म्हटलं तरी ती खेकसायची. ज्या गौराशी रात्रभर गप्पा, तिच्याशीच दिवसा पाण्याच्या घागरीवरून भांडली. एकदा तव्यावरची भाकरी कोळसा झाली, आणि चुलीपुढं बसलेल्या कस्तुराला पत्ताच नाही.

"अगं बाई, हिला वास कसा आला नाही?" आई घाबरली. "नक्की कुणाची तरी नजर लागली." मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकून खोकून बेजार झालं. कस्तुरानं मात्र एक मोठी जांभई दिली.

देवाच्या काहिलीचा दिवस आला. गाव पाठ करून उभं राहिलं. रस उकळला, कस्तुरानं मळी काढली, लाकडी फावडं हातात घेऊन ती ढवळत बसली. समोर ऊबदार वाफ, कानाशी पाकाची बुडबुड. डोळे उघडे आहेत असं तिला वाटत होतं, पण ते कधीच मिटले होते.

पाक झाला. पाक पुढं गेला. गावाला वास येऊ लागला, आधी गोड, मग जरासा कडवट. बायका एकमेकींना चिमटे काढू लागल्या. गडी घाम पुसू लागले. पण बोलायची सोय नाही! आणि प्रत्येकाच्या मनात एकच: 'तिला कळत असेल. तिच्या नाकापुढं आपलं नाक ते काय!'

तेवढ्यात खाडकन आवाज झाला. फावडं खाली पडलं होतं. केरबातात्या आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडून वळले, आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. कस्तुरा बसल्या जागी डुलत होती आणि उकळत्या पाकाकडे झुकत चालली होती. तात्यांनी झेप घेऊन तिचा दंड धरला आणि तिला मागं ओढलं.

पोर वाचली. देवाचा गूळ मात्र जळून काळा ठिक्कर पडला.

कस्तुरा ढसाढसा रडली. "तात्या, मला वासच आला नाही हो! माझं नाक गेलं!"

"नाक कुठं जातंय, वेडे? तू झोपत नाहीस, म्हणून ते झोपलंय."  तात्या खाली बसले. "मला सांग, गूळ कुठं होतो?"

"चुलवाणावर."

"चुकलीस. चुलवाणावर होतो तो पाक. उतरवून वाफ्यात, त्या गार करायच्या हौदात ओतला, निवांत पडू दिला, तेव्हा त्याचा गूळ होतो. आणि पडूच दिला नाही, ढवळतच बसलो, तर?"

कस्तुरा नाक ओढत म्हणाली, "तर ढेप धरत नाही."

"मग दिवसभर शिकलेलं तुझ्या डोक्यात कसं धरेल? रात्रभर तर ढवळत बसतेस!"

गर्दीतनं गावचे पाटील पुढं आले. "ते सगळं खरं, तात्या. पण हिला आता बाजूला करा. दुसरं एखादं पोर बसवू."

"बसवा की! निवडा."

पाटलांनी पंधरावं लागलेल्या पोरांकडे नजर टाकली. एकानं जांभई दिली. त्याचं बघून दुसऱ्यानं दिली, मग गौरानं, आणि शेवटी पाटलांच्या स्वतःच्या पोरानं तर असा जबडा उघडला, की दाढा मोजून घ्याव्यात.

पाटील ओशाळले, पण हटले नाहीत. "एवढी थोराड झाली ही, आता काय अंगाई म्हणायची यांना?"

"म्हणा की, गळा बरा असेल तर!" तात्या म्हणाले. "अहो, ऊस कांडी धरतो तेव्हाच जास्त पाणी मागतो, हे तुम्हाला मी शिकवायचं? तेव्हा पाणी तोडलं तर नंतर कितीही पाजा, कांडी आखूडच राहतात. ही पोरं कांडी धरतायत. या वयात झोप उशिरा येते आणि लागते जास्त. ही रात्री कंदील लावून झोप उधळतात, आणि उरलेली तुम्ही पहाटे थाळी बडवून मोडता."

 शेवटी ठरलं, की रात्रीचं जेवण झालं की पोरांचे कंदील देवळात ठेवायचे, आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत थाळीला हात लावायचा नाही. देवाची दुसरी काहील पुनवेला, कस्तुराच्याच हातची.

गौरा फुरंगटली. "मग आम्ही बोलायचं तरी कधी?"

"दिवसा," कस्तुराची आई म्हणाली. "आणि तोंडानं!"

कस्तुरा झोपली. काय झोपली म्हणता! पहिल्या दिवशी ऊन माथ्यावर आलं तरी हलली नाही. पुढं हळूहळू घडी बसली. गौराशी गोडी झाली, म्हशीला पेंड मिळू लागली. आणि एके दिवशी सकाळी अंथरुणातूनच ती ओरडली, "आई, दूध उतू चाललंय!"

आई धावली. दूध अगदी काठाला आलं होतं. आईनं पातेलं उतरवलं आणि तिथंच पदर डोळ्यांना लावला. मीठ-मिरच्यांनी जे झालं नव्हतं, ते चार रात्रींच्या झोपेनं केलं होतं.

पुनवेला पुन्हा काहील चढली. कस्तुरा फावडं घेऊन बसली. आज चुकलं तर संपलंच. गाव पाठ करून उभं होतं, पण एकदा तोंड पोळलेलं, त्यामुळं मोठं बेचैन. पाक घट्ट होऊ लागला तसे एक काका मुद्दाम खाकरले. मग दुसरे खाकरले. मग साथ आल्यासारखं सगळं गाव खोकू लागलं.

"मी जागी आहे हो, काका!" कस्तुरा हसत म्हणाली.

तिनं डोळे मिटून वास घेतला. अजून नाही. आणखी थोडा. मग पाकाचा एक थेंब गार पाण्यात सोडला, त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण!

"आला!"

गडी वळले, काहील उतरली, पाक वाफ्यात गेला. कस्तुरानं तो जेवढा हवा तेवढाच हलवला आणि मग निवांत पडू दिला. ढेप निघाली ती पिवळीधमक. देवाला गेली, घरोघरी खडा गेला. तात्यांनी आपला खडा जिभेवर ठेवला. मग ते उठले आणि काहिलीशेजारचं, गुळव्यानं बसायचं आपलं गोणपाट तिच्यासाठी झटकून ठेवलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर गौराला राहवेना. कंदील तर देवळात. तिनं खिडकीतनं हळूच हाक मारली, "कस्तुरा, जागी आहेस?"

उत्तर आलं ते कस्तुराच्या आईचं. "झोपली गं बाई! तूही झोप आता. सकाळी ये, तुझ्या वाटचा गूळ काढून ठेवलाय."

तात्पर्य काय, तर वाढत्या वयाची झोप म्हणजे आळस नव्हे. दिवसभर शिकलेल्याचा गूळ झोपेतच होतो, आणि तो नासवायचा हक्क ना पोरांच्या कंदिलाला आहे, ना मोठ्यांच्या थाळीला.