पट्टीवरचं लोणी

"पट्टी तापते, पट्टी तापते" म्हणून मी तीनदा ओरडले. मठात एकाला तरी खरं वाटलं असेल तर शपथ!

उलट माझंच नाव भिंतीवर गेलं. आमच्या मठाची रीतच तशी. ज्याची चूक, त्याचं नाव चुलीमागे कोळशानं लिहायचं, आणि त्यानं दिवसभर भांडी घासायची. मठाचे प्रमुख रामलिंगबुवांनी सकाळी स्वतःच्या हातानं लिहिलं: गोदाक्का, कटकट.

आंघोळीच्या पाण्याचे दोन हीटर बसवले होते निरंजननं. इंजिनिअर झालेला शिष्य! त्याची वायर जाते माझ्या स्वयंपाकघरातून, प्लास्टिकच्या पट्टीतून. वर लाकडी माळा. माळ्यावर बावीस म्हाताऱ्या उतरलेल्या.

बुवा ताक मागायला आले.

ताक दिलंच नाही मी. लोण्याचा गोळा उचलला आणि थापला पट्टीवर.

बघता बघता लोणी ओघळलं.

बुवा संन्यास घेण्याआधी वायरमन होते. धावले, मेन स्विच खाली ओढला. मग निरंजनला हाक मारली.

"वायर कितीची?"

"जुनीच आहे बुवा... दीड एमएमची."

"दिव्यांची. आणि हीटर?"

"तीन-तीन किलोवॅटचे दोन. सव्वीस अँपिअर होतात."

"आणि एमसीबी, भार वाढला की पडणारी कळ?"

"सोळा अँपिअरची होती. सारखी पडायची. बत्तीसची घातली. आता एकदाही पडत नाही!"

"सोळाची का पडायची?"

"वायरला झेपत नाही म्हणून..."

"मग बदललंस कुणाला?"



"ओरडणारीला!" मीच बोलले. राहवलं नाही.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या नावाकडे...

निरंजननं कान धरले. "चुकलो. आजच सहा एमएमची वायर ओढतो, मगच बत्तीसची ठेवतो. माझं नाव लिहा, बुवा."

बुवांनी उपरण्यानं माझं नाव पुसलं. कोळसा माझ्या हातात दिला.

चौथी शिकलेली बाई मी, पण अक्षर ठसठशीत आहे माझं. जोरात 'नि' काढला.

"ते पूस."

"का? कुणाचं लिहू मग?"

बुवांनी माझ्यापुढचं राखेनं माखलेलं पातेलं स्वतःकडे ओढलं. खाली बसले. बाह्या वर केल्या.

"रामलिंग."