बिनकानाचा कप

कपबश्या आपसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एका घरी सहा कपांचा सेट होता. त्यातल्या एकाचा कान तुटला, तशी त्याची रवानगी मागच्या खिडकीत झाली. खिडकीतली भांडी होती धुणंभांडी करणाऱ्या हौसाबाईंच्या चहापाण्याची.

"मी सेटातला आहे," कप म्हणाला. "परत आत जाईन."

तिथला जुना पेला कंटाळून म्हणाला, "मीही रुखवतात मिरवलोय, बाबा. इथे कूळ कोण विचारतो? कुणाच्या ओठाला लागलास, तेवढंच बघतात."

एक दिवस हौसाबाईंची लेक बँकेत लागल्याचे पेढे घेऊन आली. मालकीणबाईंनी तिला कौतुकाने सोफ्यावर बसवलं आणि सेटातल्या कपात चहा दिला. दारापाशी उभ्या असलेल्या हौसाबाईंना नेहमीचा बिनकानाचा कप मिळाला. लेक उठली. तिने आईच्या हातातला कप स्वतः घेतला आणि आपला तिला दिला.

"बघ, दिवस बदलले!" त्या संध्याकाळी कप पेल्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खिडकीत आणखी एक कप आला. त्याचा कान शाबूत होता.

"सरक जरा," पेला म्हणाला. "त्याला जागा दे."