सही कोणाची?

एकदा एक स्त्री मुद्रांकाचा कागद उराशी धरून तालुक्याच्या न्यायालयाजवळ राहणाऱ्या एका वृद्ध वकीलबाईंकडे आली. तिचे नाव कुंदा. नवऱ्यापासून विभक्त होऊन तिला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून तिने आपल्या सहा वर्षांच्या लेकीचे तोंड पाहिले नव्हते.

"सोडचिठ्ठी झालीय, बाई," ती म्हणाली. "मुलगी बापाकडे राहील, आईने भेटायला येऊ नये, असं लिहिलंय. दीर म्हणाले म्हणून मीच सही केलीय. आता माझा काय हक्क?"

वकीलबाईंची शिष्या हेमांगी हिने कागदावर नजर टाकली आणि ती बोलणार, तोच बाईंनी हाताने तिला थांबवले. कागद कुंदापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "यावर न्यायाधीशाची सही कुठे आहे ते शोध. सापडली की मला सांग." आणि त्या आतल्या खोलीत आपल्या कामाला लागल्या.

कुंदा पाऊण तास कागद वाचत बसली. अडखळत, डोळे पुसत. हेमांगीला हे निर्दयपणाचे वाटले. आत जाऊन ती म्हणाली, "बाई, एका वाक्यात सांगता आलं असतं. तिला का रडवायचं?"

"तू सांगितलं असतंस, तर तिने तुझ्यावर विश्वास ठेवला असता," बाई शांतपणे म्हणाल्या. "आठ महिन्यांपूर्वी असाच तिने दीरावर ठेवला. तो म्हणाला, सही कर, हिने केली. उद्या सासरचे दारात येऊन धमकावतील, तेव्हा तू तिथे नसशील. तिचं तिला कळलेलं मात्र तिच्यापाशी असेल."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "बाई, यात न्यायाधीशाची सहीच नाही! माझी आहे, त्यांची आहे, साक्षीदारांची आहे."

"तुमच्या समाजात असा कागद करून लग्न मोडायची रूढी आहे?"

"नाही."

"मग लग्न न्यायालयच मोडू शकतं. आणि मुलगी कोणाकडे राहील, हे तिचं हित पाहून न्यायालय ठरवतं. तू सही केलीस म्हणून तुझं आईपण संपलं नाही."

कुंदाने लेकीच्या ताब्यासाठी अर्ज केला. सुनावणीत समोरच्या वकिलांनी तो कागद पुढे केला, तेव्हा न्यायाधीशांनी तिलाच विचारले. तिने ताठ उभे राहून जे समजले होते ते सांगितले. न्यायाधीशांनी मुलीशीही एकांतात बोलून घेतले. अंतिम निकालापर्यंत मुलीने आईकडे राहावे आणि वडिलांनी दर शनिवारी तिला न्यायालयाच्या आवारात भेटावे, असे ते सांगू लागले.

कुंदाने हात जोडले. "साहेब, एक विनंती. तिला भेटीसाठी कोर्टात नका बोलावू. वडिलांच्या घरी जाऊ दे, आजीवर तिचा फार जीव आहे. फक्त नेण्या-आणण्याची वेळ आदेशात लिहा."

नवऱ्याने खाली घातलेली मान वर केली. न्यायाधीशांनी तसाच आदेश दिला.

बाहेर आल्यावर हेमांगी म्हणाली, "बाई, हे मला सुचलं नसतं."

"तिची भीती गेली होती," बाई म्हणाल्या.

आपला हक्क ज्याला नीट उमगतो, त्याला दुसऱ्याचा हक्क मान्य करताना भय वाटत नाही.