गोजीची तुंबलेली मोरी

फार जुन्या काळी उसाच्या बांधात गोजी नावाची उंदरीण राहायची. तिच्या बिळातल्या मोरीतून पाणी सावकाश जाई. "शेजारचा बेडूक चिखल ढकलतो," असं ती सगळ्यांना सांगे.

एका सकाळी पाटाचं पाणी बिळात शिरलं आणि पिल्लांपर्यंत चढलं. बेडूक धावत आला. "मोरी उपसायला खेकड्याला बोलावू का?"

"तोवर पिल्लं बुडतील," म्हणत गोजीने श्वास रोखून मोरीत डोकं घातलं. आत अडकलेला गोळा दातांत धरून ती ओढत राहिली. पाणी पिल्लांच्या हनुवटीला लागलं, तेव्हा कुठे तो सुटला आणि पाणी वाहून गेलं.

गोळ्यात चिखल नव्हताच. तिच्याच घरातली भुसकटं आणि केस होते.

"भाऊजी, मी तुम्हाला गावभर नावं ठेवली," गोजी हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे," म्हणत बेडूक पिल्लांखालचं ओलं गवत बाहेर काढू लागला.