पहिली पत्रिका कोणाला?

एक होतं बाजाराचं गाव. तिथं राहायचे दगडू छापखानेवाला आणि त्याची बायको गोदाक्का. दोघं शिशाच्या अक्षरांचे खिळे हातानं जुळवून लग्नाच्या पत्रिका छापायचे. छापखान्याची जागा रावसाहेबांची, आणि रावसाहेबांना मिजास फार.

लेकीचं लग्न ठरलं तसे ते बायकोला घेऊन आले. म्हणाले, "दगडू, सगळ्यात वर माझं नाव, मोठ्या खिळ्यांत. गणपती खाली, बारक्यात. जमत नसेल तर उद्या तुझं यंत्र रस्त्यावर!"

गोदाक्कानं सांगितल्याप्रमाणे खिळे जुळवले, एकच पत्रिका छापली आणि रावसाहेबांच्या हातात दिली.

"घ्या. पहिली पत्रिका गणपतीपुढं ठेवायची रीत आहे. तुम्हीच ठेवा आणि त्याला सांगा, 'देवा, मी वरचा, तू खालचा. पण मांडवात विघ्न आलं, तर निस्तरायला तूच ये.'"

रावसाहेबांच्या आधी त्यांची बायकोच ओरडली, "अगं बाई! अहो, फाडा ती! गोदाक्का, देवाला वर घे, ह्यांना बसव कुठंही!"

लग्न निर्विघ्न पार पडलं. गोदाक्कानं विघ्न टाळलं म्हणून रावसाहेबांच्या बाईंनी नवऱ्याकडं हट्ट धरून छापखान्याची जागा गोदाक्काच्या नावावर करवली, आणि दगडू-गोदाक्काच्या घरात पुढं काही म्हणून कमी पडलं नाही.