घाई कुणाला आहे?

बाळंतपणाच्या खोलीतून ओरडणं ऐकू येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिथून एकदा हसणं ऐकलं. पोट धरून हसतात तसं. त्याला आता फार वर्षं झाली.

तेव्हा मी मिशनच्या दवाखान्यात पाणी तापवायच्या बंबाला लाकडं घालायचो. बंब व्हरांड्यात, आणि खोलीच्या दाराला नुसता पडदा. आतलं बोलणं कानावर यायचंच.

"सिस्टर, मला एकटीनं बाळंतपण कधी करू देणार?" त्या दुपारी द्वारका विचारत होती.

द्वारका शेलार शिकाऊ नर्स होती. परीक्षेत पहिली आलेली. तिच्या गावाला, टाकळीला, नवं केंद्र उघडणार होतं. तिथं एकच नर्स जायची होती. द्वारकाचा स्वतःचा जन्म बैलगाडीत झाला होता, टाकळीहून दवाखान्याकडे येताना. तिला तिथंच जायचं होतं. पण कुणाला पाठवायचं, ते सिस्टर मार्था ठरवणार होत्या.

सिस्टर मार्था उजगरे कोपऱ्यात स्टुलावर बसून कापसाचे बोळे करायच्या. बोलायच्या कमी.

"एकटीनं म्हणजे?" त्यांनी विचारलं. "खोलीत कोण कोण असेल?"

"मी."

"आणखी?"

"आणखी कुणी नको, सिस्टर. मला सगळं येतं."

सिस्टरनी एक बोळा वळला. दुसरा वळला...

"मग अजून नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात गिरजा आली. गावातल्या कुंभाराची बायको. हिचं तिसरं बाळंतपण. कळा सुरू झाल्या होत्या, तरी पायऱ्या चढताना मला म्हणाली, "पानी चांगलं कडक कर रं भाऊ. मागच्या बारीला कोमट हुतं."

मी लाकडं सारली.

आत द्वारकानं सगळं नीट केलं असणार. हात धुतले, चादर घातली, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकले. तिच्या कामात खोट नसायची. पण थोड्या वेळानं तिचा आवाज चढला.

"गिरजाबाई, जोर लावा! अजून! सोडू नका! अजून!"

"लावतीया की," गिरजा म्हणाली.

"असा नाही! श्वास धरा! अजून!"

"द्वारका," सिस्टरचा आवाज आला. "बाळाचे ठोके?"

"चांगले आहेत, सिस्टर."

"आई?"

"तीही ठीक आहे."

"मग घाई कुणाला आहे?"

...

द्वारकाचा आवाज खाली आला. गिरजा कण्हत होती, पण शेतात भारा उचलताना बाई कण्हते ना, तसं. तिला तिचं काम माहीत होतं.

मग पुन्हा द्वारका. "आता! जोर लावा! आता!"

पुढचं मी पाहिलं नाही. गिरजानंच नंतर घरोघर सांगितलं, म्हणून कळलं. द्वारकानं स्वतःच श्वास धरला होता. दात आवळले होते, डोळे गच्च मिटले होते, मुठी वळल्या होत्या. तोंड लालबुंद. कानसुद्धा लाल.

गिरजानं मान उचलून तिच्याकडे पाहिलं.

"आगं पोरी," ती म्हणाली, "बाळंत तू हुतीस का मी?"

आणि ती हसली. ते हसणं मी ऐकलं. आधी एक हुंदका आल्यासारखं, मग खदाखदा, मग थांबेचना. कोपऱ्यातून सिस्टरही हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्या हसण्यातच बाळ आलं. द्वारकानं डोळे उघडले आणि वेळेत हात पुढे केले, म्हणून बरं.

बाळ रडलं. खणखणीत.

"पोरगी का?" गिरजानं विचारलं.

"पोरगी."

"द्या इकडं. माझ्या आज्जीवानी दिसती. आन् च्या सांगा कुनीतरी."

मी चहाला आधण ठेवलं. कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

सगळं आवरल्यावर द्वारका हात धुवायला बंबापाशी आली. मी तांब्यानं पाणी घातलं. तिची मान खाली होती. मागून सिस्टर आल्या.

"आता टाकळीला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, सिस्टर," द्वारका म्हणाली.

"का?"

"ती मला हसली."

"छान हसली."

"मी काहीच केलं नाही. तिचं तिनंच केलं."

सिस्टर हात पुसत होत्या. त्या थांबल्या.

"पुन्हा म्हण."

"तिचं तिनंच केलं... मग मी तिथं कशाला होते?"

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं.

"आता जी येईल, तिला विचार," त्या म्हणाल्या.

दिवस मावळायच्या आत एक बैलगाडी आली. पहिलटकरीण होती, अगदी कोवळी. सासूचा हात सोडायला तयार नव्हती. सासूच म्हणाली, "जा गं, या बाई हायेत." द्वारकानं तिला आत नेलं. सिस्टर जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

"मला काय बी येत न्हाई, बाई," ती पोर आत म्हणत होती. "मी काय करू?"

मला वाटलं, आता द्वारकाचा आवाज चढणार...

"तुला काय करावंसं वाटतं?" द्वारकानं हळूच विचारलं. "पडावंसं वाटतं, का चालावंसं?"

"...चालावंसं."

मग दोघींची पावलं वाजू लागली. भिंतीपर्यंत जायची, परत यायची. त्या पोरीची जोडवी फरशीवर किणकिणत होती. कळ आली की पावलं थांबायची. कळ गेली की निघायची. मधेच द्वारका नळी लावून ठोके ऐकायची आणि म्हणायची, "चांगलं आहे बाळ. ऐक, तूही ऐक." एकदा दोघी कशाला तरी हसल्या.

"बाई," ती पोर म्हणाली, "तुमी जाऊ नका हां."

"नाही जात."

पुन्हा पावलं सुरू झाली.

पडदा हलला. सिस्टर मार्था बाहेर आल्या, कापसाचं गाठोडं काखेत घेऊन. आता आत त्या पोरीजवळ एकटी द्वारकाच होती.

"सिस्टर, पाणी आणखी तापवू?" मी विचारलं.

"द्वारकाला विचार," त्या म्हणाल्या. मग पायऱ्या उतरल्या, आणि आपल्या खोलीकडे चालत गेल्या.