साठ पावलांवरचा तितर

"मग शिशाऐवजी बंदुकीत भरू तरी काय, बाबा?"

रायाजीच्या आवाजात चिडचिड होती. खरं तर ती भीती होती, पण इनामदाराच्या पोराला घाबरलो म्हणायची सवय नसते.

त्याच्या हातमोज्यावर जाई होती, त्यानं पाळलेली बहिरी ससाण्याची मादी. तिला धड बसवतही नव्हतं. पिसं फुगलेली, मान खाली, पंज्यांची पकड सुटलेली. तीन दिवस हिरवी शीट टाकत होती.

दस्तगीरबाबा एके काळी संस्थानचे बाजदार होते. आता फकिरी घेऊन माळावरच्या झोपडीत राहत. रायाजी ससाणा शिकवायला शिकला तो यांच्याकडेच. बाबांनी जाईला उलटंपालटं करून पाहिलं होतं आणि एवढंच म्हणाले होते, "हिच्या पोटात शिसं गेलंय."

शिसं कुठून गेलं ते विचारायची गरज नव्हती. रायाजी बंदुकीनं तितर मारी आणि त्यातलाच वाटा जाईला भरवी. रोज, स्वतःच्या हातानं, लाडानं.

"बोला ना, बाबा. काय भरू?"

"बंदुकवाला काय म्हणतो?"

"लोखंडाचा छर्रा हलका, म्हणतो. चाळीस पावलांपुढं त्यात जीव राहत नाही. वर नळी खरचटते ती वेगळीच. कथील तर त्याहून हलकं. तांबं बरं, पण त्यालाही शिशाची सर नाही."

"कशात?"

"लांबवर मारण्यात."

आता इथं गोम होती. या रायाजीला सारा मुलूख 'साठपावले' म्हणून ओळखायचा. बाकीचे शिकारी तितर तीस-पस्तीस पावलांवर असला तरच बार टाकत, आणि हा पठ्ठ्या साठावरून पाडी. परवा महाराजांचे पाहुणे शिकारीला यायचे होते. रायाजीचं नाव यादीत पहिलं होतं.

"साठावरून मारलेले सगळे हाती लागतात?" बाबांनी विचारलं.

"लागतात की." मग जरा थांबून, "काही जखमी होऊन काट्यात शिरतात. ते नाही सापडत."

"कुणालाच?"

"कोल्ह्याला, घारीला सापडत असतील. मला काय ठाऊक..."

बाबांनी रायाजीच्या पट्ट्यातलं एक काडतूस काढलं, सुरीनं त्याचं तोंड कापलं आणि छर्रे तळहातावर ओतले. त्यातला एक पुढं केला.

"तोंडात टाक."

रायाजी हसला. "त्यात काय? तितर खाताना रोज दाताखाली येतो."

"मग टाक."

त्यानं टाकला. बाबांनी जाईला त्याच्या हातावरून उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवत बसले. घाई अशी त्यांना कसलीच नव्हती.

रायाजीनं छर्रा जिभेवर घोळवला. या गालातून त्या गालात नेला. बाबांच्या तोंडाकडं पाहिलं. शेवटी मान वळवून थुंकून टाकला.

"का थुंकलास?"

"शिसं आहे, बाबा. गिळू कसं?"

"हिला कुणी सांगितलं होतं?"

रायाजीचं तोंड एवढंसं झालं. मग त्याला रडूच फुटलं. दोन वर्षं त्यानं या पाखराला लेकीसारखं जपलं होतं. तिला ताप नको म्हणून उन्हाळ्यात स्वतः पाणी शिंपडलं होतं. आणि घासागणिक विष आपणच घातलं, हे त्याच्या काळजाला आत्ता भिडलं.

बाबांनी त्याला रडू दिलं.

"जगेल?"

"सांगता येत नाही. महिनाभर इथं राहू दे. मी जाळ्यानं धरलेले होले खाऊ घालतो." बाबा थांबले. "तुझ्या हातचं खाल्लं नाही, तर जगेलही."

ते लागलंच. पण रायाजीनं ऐकून घेतलं. पट्ट्यातली सगळी काडतुसं काढून त्यानं बाबांच्या पायाशी ठेवली.

"लोखंडी भरतो. नळी खरचटली तर खरचटू दे."

बाबांनी मान डोलावली.

रायाजी उठला, दारापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला. नाव सोडणं काही काडतुसं सोडण्याइतकं सोपं नव्हतं.

"पण बाबा, परवा सगळे बघत असतील. साठावरून मारणारा एकटा मीच होतो."

"हं."

"जवळ जाऊन काय, कुणीही मारतं..."

बाबा जाईच्या चोचीत बोटानं पाण्याचा थेंब सोडत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"तू आधी तेवढं जवळ जाऊन तर दाखव."